पुरुषांचं एक न सांगितलेलं दुखणं

मैत्रिणींनो, आजचा विषय पाहून काहीजणी अंक पटकन मिटतील आणि दुपारी घर रिकामं झालं की पुन्हा उघडतील, हे मला ठाऊक आहे. हरकत नाही, वाचा म्हणजे झालं. अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या तक्रारी, पिशवीचं ऑपरेशन, ह्यांवर आपल्या साप्ताहिकांतून वर्षानुवर्षं लिहून येतं आणि आपण ते वाचतो, कात्रणंही काढून ठेवतो. पण घरच्या पुरुषाला त्या जागी काही झालं तर काय करावं, ह्याबद्दल चार ओळी शोधू म्हटलं तर सापडत नाहीत. तो बोलत नाही, आपण विचारत नाही, आणि औषधाच्या दुकानातला पोरगा जी ट्यूब हातावर ठेवील ती दाढीच्या सामानात लपून बसते.

मी लिहिते आहे ते लिंगाच्या पुढच्या कातडीबद्दल. तिथे खाज सुटणं, आग होणं, बोंड लालभडक होणं, कातडीच्या कडेला बारीक चिरा पडणं, आतून दह्याच्या सायीसारखं पांढरट काहीतरी धरणं, कातडी मागे घेताना जीव जाणं. डॉक्टर ह्याला बॅलनायटिस म्हणतात. नाव अवघड असलं तरी दुखणं अगदी सर्रास आढळणारं आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्याकडे विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आला की अजूनही "हा घरी वाचून या" असं सांगून पुढचा धडा घेणारे शिक्षक आहेत. घरी तो कोण वाचून घेणार? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, १९५३ साली मरेपर्यंत चालवलं, त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले, मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्या गोष्टीला किती वर्षं लोटली, आणि अजून आपल्या घरांत ह्या अवयवाला धड नाव घेऊन हाक मारता येत नाही. नाव घेता येत नाही म्हणून डॉक्टरला सांगता येत नाही, असा सगळा प्रकार आहे.

आमच्या घरी हे दुखणं आलं ते मे महिन्यात. ह्यांचं वय तेव्हा ४२. पहिली खूण म्हणजे हे स्वतःची अंतर्वस्त्रं स्वतः धुवायला लागले. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, तोवर ह्या माणसाने साधा हातरुमाल पिळला नव्हता! मग न्हाणीघरात वेळ जास्त लागू लागला, रात्री कुशी बदलणं सुरू झालं, आणि चिडचिड तर विचारू नका. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, उन्हाळी लागलीय." झालं. उन्हाळी म्हटल्यावर आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं सरबत. त्यात हे ऑफिसातून येताना रसवंतीत उभे राहून रोज दोन ग्लास उसाचा रस प्यायचे, आग शमावी म्हणून. आग वाढत गेली. हा उसाचा रस लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

तीन आठवड्यांनी एका रविवारी मी सरळच विचारलं. पहिल्यांदा "तुला काय करायचंय" झालं, मग सांगितलं. दुकानातून आणलेली ट्यूब दाखवली. लावली की दोन दिवस बरं वाटे, सोडली की दुप्पट. आम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी आत नेऊन तपासलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि बाहेर येऊन विचारलं ते भलतंच. "रात्री लघवीला किती वेळा उठता? तहान फार लागते का? पँट सैल झाल्यात का?" तिन्हींना उत्तर होय. चिठ्ठीवर त्यांनी वर लिहिली रक्तातल्या साखरेची तपासणी आणि खाली मलम. उपाशीपोटी १९२ आली, जेवणानंतर ३०४. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी करतात, एचबीए१सी म्हणतात ती, ९.४. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा ह्या सरासरीचा आकडा ६.५ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेह, असं मानतात. (एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, पण इथे शंकेला जागाच नव्हती.) ह्यांच्या घराण्यात कुणाला साखर आहे असं कधी ऐकलं नव्हतं. एका खाजेने ती शोधून दिली.

ह्याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती धरून ठेवता येत नाही, ती लघवीवाटे जायला लागते. म्हणून तर जुनी माणसं म्हणत, लघवीला मुंग्या लागतात. लघवी झाली की शेवटचे दोनचार थेंब पुढच्या कातडीच्या आत राहतात. तिथे ऊब आहे, ओल आहे, हवा नाही, आणि वर साखरपाणी. कँडिडा नावाची एक बुरशी असते. ती आपल्या सगळ्यांच्याच अंगावर, तोंडात, आतड्यात थोडीथोडी असते आणि एरवी गप्प असते. तिला असं आंबवणाचं भांडं मिळालं की ती माजते. इडलीचं पीठ उन्हाळ्यात कसं रात्रीत फुगून भांड्याबाहेर येतं, ते तुम्हांला सांगायला नको. मग लाल ठिपके, पांढरा थर, खाज, आणि कातडीच्या कडेला उभ्या चिरा. चिरा पडून भरतात, पुन्हा पडतात, भरताना कातडी आकसते, आणि पुढे पुढे ती मागेच घेता येईनाशी होते. मध्यमवयीन माणसाला अशा चिरा पडायला लागल्या आणि तोंड आवळत चाललं, तर साखर तपासल्याशिवाय राहू नये. आतल्या कपड्यांवर लघवीचे थेंब वाळून पांढरे, कडक डाग पडतात, हीही एक खूण. कपडे धुणाऱ्या बाईच्या नजरेला ती आधी पडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभराच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या आसपास माणसं त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. उंबरठ्यावरच्यांना बहुधा काही कळत नसतं. तेव्हा ही खाज लाजिरवाणी गोष्ट म्हणून झाकून ठेवण्यासारखी नाही. उलटही सांगते. घरात मधुमेही माणूस असेल आणि त्याला डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या चालू असतील, तर त्या गोळ्यांचं कामच मुळी जादा साखर लघवीवाटे बाहेर काढण्याचं आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्यांचा फायदा होतो, पण त्या जागी बुरशी होणं हा त्यांचा ठाऊक असलेला त्रास आहे. बायकांनाही होतो. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगायचं. स्वच्छता पाळली, लघवीनंतर जागा पाण्याने धुऊन टिपली, तर पुष्कळांचं गोळी चालू ठेवूनही भागतं.

आता त्या ट्यूबबद्दल. औषधाच्या दुकानात "खाजेचं मलम द्या" म्हटलं की बहुतेक वेळा जी ट्यूब मिळते, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड अशी खिचडी असते. स्टेरॉइडने लाली आणि खाज लवकर बसते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. आतली बुरशी मात्र त्याच स्टेरॉइडच्या सावलीत वाढत राहते. त्या जागची कातडी आधीच पातळ, ती आणखी पातळ होते. ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीवरच्या औषधांच्या यादीत घातलं. कागदावरचा नियम आणि कोपऱ्यावरचं दुकान ह्यांच्यातलं अंतर तुम्ही जाणताच. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही बारीक अक्षरांत दिसलं तर ती परत ठेवा. कधी कधी सूज फार असली तर डॉक्टर स्वतःच थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी.

ह्यांना दिलं होतं साधं क्लोट्रिमाझोल, एक टक्क्याचं, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. खाज चौथ्या दिवशी थांबली तरी चौदा दिवस पुरे करायचे, असं बजावून सांगितलं होतं. आपल्याकडे बरं वाटलं की औषध सोडायची फार हौस, म्हणून मी ते कॅलेंडरवर खुणा करून पुरे करवून घेतलं. कातडी हलकेच मागे घेऊन कोमट पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, मलमाचा पातळ थर लावायचा आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. हे शेवटचं विसरायचं नाही. मागे घेतलेली कातडी तशीच राहिली तर तिचा फास बसतो, बोंड सुजतं, मग ती पुढे येत नाही, आणि ते तातडीने दवाखान्यात धावण्याचं काम होऊन बसतं. फार आग असेल त्या दिवसांत मिठाच्या पाण्याचा शेक बरा वाटतो. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, जास्त नाही. आणि मलम चालू असेतो पतिपत्नींनी लांब राहावं. आणखी एक, निरोध वापरणाऱ्यांसाठी: अशा मलमांनी आणि खोबरेल तेलानेही निरोधाचं रबर कमकुवत होतं आणि ते फाटतं. हे पाकिटावर बारीक लिहिलेलं असतं, वाचतं कोण?

मधुमेह नसलेल्यांनाही हे दुखणं होतंच, आणि गंमत म्हणजे ते दोन अगदी उलट्या कारणांनी होतं. काहीजण तिथे कधीच पाणी लावत नाहीत. कातडीच्या आत मृत पेशी आणि स्निग्धपणा मिळून पांढरा मळ साचतो, त्याने वास येतो, दाह होतो. दुसरे असे की खाज आली म्हणून दिवसातून चारचार वेळा साबण चोळतात. आतली कातडी ओठाच्या आतल्या कातडीसारखी नाजूक. ओठाच्या आत तुम्ही कपड्याचा साबण लावाल का? आणि वर आपल्याकडे अंघोळीच्या बादलीत जंतुनाशकाचं बूच ओतण्याची पद्धत. पाणी दुधासारखं पांढरं झालं की आपल्याला स्वच्छ वाटतं. त्या औषधाने तिथली कातडी भाजल्यासारखी होते. तुरटी, लिंबू, हळद, कडुनिंबाचा अर्क, कुणी तर चक्क बाम लावलेला, असे प्रकार आमच्या डॉक्टरांनी सांगितले. दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुणं पुरतं. साबण लागायचाच तर बाहेरून, आत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर ते खातं बहुतेक घरी आपल्याकडेच असतं. धुण्याची पावडर नीट निघाली नाही तर तिचा अंश कपड्यात राहतो आणि घामाबरोबर कातडीला लागतो. अंतर्वस्त्रं दोन पाणी जास्त खळबळून काढा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाकडे, कपडे दोन दोन दिवस दमट राहतात आणि पुरुषमंडळी "चालतंय" म्हणून तसेच चढवतात. दमट असला तर इस्त्री फिरवून द्या. सुती घ्या, तंग घेऊ नका. टेरिकॉटच्या पँटीखाली नायलॉनची चड्डी घालून दिवसभर दुचाकीवर किंवा ट्रकच्या इंजिनाशेजारी बसणाऱ्याची काय गत होत असेल, कल्पना करा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझी एक मैत्रीण, गाव सांगत नाही. तिच्या नवऱ्याचं कामच फिरतीचं. त्याला अशीच लाली आली, त्याने लपवली, पण काही दिवसांनी हिलाही खाज आणि दह्यासारखं पांढरं जाऊ लागलं. हिने ट्यूब पाहिली, दोन आणि दोन चार केले, आणि मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. माहेरच्यांनीही विचारपूस न करता आगीत तेल ओतलं. पाच महिने ती तिथे होती. नवरा शपथा घेत होता, आणि तिला वाटे, चोर शपथाच घेणार. शेवटी तिच्या मोठ्या वहिनीने तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी नवऱ्यालाही बोलावून घेतलं. दोघांच्याही सगळ्या तपासण्या केल्या. निघाली ती साधी बुरशी. दाढेच्या दुखण्यासाठी तो जबर अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन बसला होता. अशा गोळ्यांनी अंगातले चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

म्हणून स्पष्ट लिहिते. बुरशी ही वागणुकीची साक्ष नव्हे. ब्रह्मचाऱ्याला होते, म्हाताऱ्याला होते. नवराबायकोत ती एकमेकांना लागू शकते, पण कुणाकडून कुणाला गेली हे कुणीच सांगू शकत नाही, कित्येकदा सुरुवात बाईकडूनच झालेली असते. नवऱ्याला उपचार चालू असताना तुम्हांलाही खाज वा पांढरं जाणं असेल तर त्याच वेळी तुम्हीही तपासून घ्या, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं. तुम्हांला काहीच त्रास नसेल तर उगीच औषध घ्यायची गरज बहुधा पडत नाही.

पण मी कुणाला डोळे मिटायलाही सांगणार नाही. पाण्याचे बारीक फोड येऊन फुटले आणि फार दुखले, किंवा न दुखणारा कडक कडेचा व्रण झाला, मूत्रमार्गातून पू आला, जांघेत गाठी आल्या, तर ती संबंधातून लागणारी दुखणी असू शकतात. न दुखणारा व्रण हा उपदंशाचा असू शकतो, आणि फसवा असतो तो. काही आठवड्यांत आपोआप भरून जातो आणि रोग आत राहतो. अशा वेळी रक्ताची तपासणी, एचआयव्हीचीसुद्धा, दोघांनी करावी. सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि निकाल गुप्त ठेवतात. आधी तपासणी होऊ द्या, भांडण मागाहूनही करता येतं. आमच्या मैत्रिणीने ते उलट क्रमाने केलं. आता दोघं एकत्र आहेत, पण त्या पाच महिन्यांबद्दल तिच्या घरी कुणी बोलत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. दुखण्यावरच्या काही गोळ्या किंवा सल्फाची औषधं घेतली की काहींना दर वेळी त्याच जागी काळसर लाल चट्टा उठतो. कोणती गोळी घेतली ते लिहून ठेवा, पुन्हा घेऊ नका. घरातले सगळेच रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर ती खरूज. तिच्यात लिंगावर खाजऱ्या गाठी येतात, आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं. कातडीवर पांढरे, चकाकते, कागदासारखे चट्टे पडून ती आवळत चालली, तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा विकार. त्याला त्वचारोगतज्ज्ञच हवेत, आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. न भरणारी जखम, फुलकोबीसारखी वाढ, रक्त येणं, वास, हे चौदा दिवसांच्या मलमाने बरं झालं नाही तर त्याचा तुकडा काढून तपासतात. ह्या जागेचा कर्करोग होतो, फार कमी होतो, पण आवळलेली कातडी, साचलेला मळ, तंबाखू आणि एका प्रकारचे विषाणू ही त्याची कारणं आहेत. आपले लोक लाजेपोटी तो फार उशिरा दाखवतात.

काहींना डॉक्टर सुंता करायला सांगतात. वारंवार दाह होतो, कातडी आवळून बसली आहे, लघवीची धार फाटते किंवा कातडीचा फुगा होतो, अशांना तो कायमचा इलाज आहे. शब्द ऐकूनच घरात गोंधळ होतो. सासूबाईंच्या पिढीला तर तो धर्माचा प्रश्न वाटतो. अहो, मूळव्याधीचं ऑपरेशन करतो तसंच हे. बहुतेकजण त्याच दिवशी घरी येतात. फक्त साखर आटोक्यात असावी लागते, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो.

आणि एस. टी. स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" अशा जाहिराती चिकटवणारे जे असतात, त्यांच्यापासून नवऱ्यांना वाचवणं हे आपलंच काम. लाज हेच त्यांचं भांडवल. लाजणारा माणूस पावती मागत नाही आणि तक्रारही करत नाही.

नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं कसं, हा प्रश्न मला दोघीतिघींनी विचारला. मला तरी सरळ बोलणं बरं वाटतं. "त्या जागी काही त्रास आहे का? माझ्या मैत्रिणीच्या घरी असंच होतं, साखर निघाली." एवढं म्हटलं की दोषाची भाषा गळून पडते, पुरुष साखरेला तयार होतो. एकत्र कुटुंबात हे बोलणं रात्रीच होऊ शकतं, आणि त्या वेळी तो दमलेला असतो, तेव्हा रविवार बघा. पुरुष डॉक्टरच हवे असतील तर तसे शोधा. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं, ते वाचून जिना चढायला पाय अडखळतो, हे ह्यांनी मला मागाहून सांगितलं. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर तिथून सुरुवात करा. जाताना आधीच्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्या पिशवीत घालून न्या, निदान त्यांवरून निम्मं होतं. आणि तपासायच्या दोन दिवस आधीपासून काही लावू नका.

लहान मुलांच्या आयांनी हे वाचून घाबरून काही करू नये. बाळाची ती कातडी जन्मतः आतून चिकटलेलीच असते, ती वर्षांगणिक आपोआप सुटते, काहींची तर वयात येईपर्यंत. तेल लावून, मालिश करताना जोर लावून ती मागे ओढायची जी पद्धत काही मालिशवाल्या बायका सांगतात, तिने चिरा पडतात आणि मग खरंच आवळते. बाहेरून धुवा, बस्स. मुलगा मोठा झाला, आपली आपण अंघोळ करू लागला की हळूच मागे घेऊन पाण्याने धुवायचं आणि पुढे आणायचं, हे वडिलांनी एकदा सांगावं. दात घासायला शिकवतात त्याच सुरात.

दुसरं टोक म्हणजे घरातले आजोबा. अंथरुणाला खिळलेल्या, लघवीची नळी घातलेल्या सासऱ्यांची सेवा करणाऱ्या कितीतरी सुना माझ्या ओळखीच्या आहेत. डायपर ओला राहिला की हा दाह त्यांना हमखास होतो, आणि त्यांना सांगता येत नाही, ती माणसं नुसती हात नेतात नाहीतर कण्हतात. डायपर वेळेवर बदला, पाण्याने धुऊन कोरडं करा. नळी घालताना कातडी मागे घेतात. नर्स किंवा ब्रदर निघून जाण्यापूर्वी "कातडी पुढे आणली का?" एवढं विचारून घ्या, आणि संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. राहिली असेल, सूज असेल, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा.